कोन गेला रं?

बोट बाहेर समुद्रात उभी होती आणि माणसं पोचवणारा शेवटचा पडाव सुटायच्या बेतात होता. मी डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन बंदरावर धावत सुटलो, तर मागून बाबांची हाक आली, "रघ्या, धावू नको रं! लोकांना वाटंल, कोन गेला!" मुंबईला पहिल्यांदा निघालेल्या मुलाला बापाने द्यायचा निरोप हा! ना नीट राहा, ना पत्र टाक. पडावातली माणसं हसली. सगळा प्रवास मी बाबांवर चिडून होतो.

गाववाल्यांनो, तुम्हांला सांगायला नको. पण इकडे येऊन जे विसरले त्यांना सांगतो. आपल्याकडे मोठा माणूस धावतो तो मयताची बातमी घेऊनच. तो वाटेत थांबत नाही, कुणाकडे पाणी पीत नाही, आणि घरच्यांच्या कानावर घालीपर्यंत गेलेल्याचं नाव दुसऱ्या कुणाला सांगत नाही.

मीही विसरलो होतो. मुंबईत गिरणीच्या घडी खात्यात चिकटलो आणि खोलीतल्या पोरांच्या नादाने व्यायामशाळेत जाऊ लागलो. कुस्तीत मी पहिल्याच झटक्याला आडवा व्हायचो, पण लांब धावणं मला जमे. थंडीत सात मैलांची शर्यत असायची. चौथ्या वर्षी तीत माझं नाव लागलं, आणि नेमकं तेव्हाच गावी बहिणीचं लग्न निघालं. व्यायामशाळेचे मास्तर म्हणाले, "प्रॅक्टिस बुडाली तर तुझ्या जागी दुसरा."

म्हणून गावी पोचल्याच्या दुसऱ्याच पहाटे हाफ पॅन्ट आणि कॅनव्हासचे बूट घालून मिरजोळ्याच्या वाटेने निघालो. सड्याच्या उघड्या माळावरचं गवत दवाने भिजलं होतं, कातळावर पाय सटकत होते, तोंडातून वाफ निघत होती. काय छान वाटत होतं! तेवढ्यात शेजारच्या भागीकाकीने दगडी गडग्यावरून डोकं काढलं.

"कोन गेला रं?"

"कुणी नाही, काकी. असाच धावतोय."

"असाच?" म्हणून तिने हातातला खराटा टाकला आणि आमच्या घराकडे वळली. पुढे आणखी चार ठिकाणी हेच. जितकं 'कुणी नाही' म्हणावं तितकी लोकांची खात्री पटे. पोरगा नाव सांगत नाही, म्हणजे मयत त्याच्या घरातलंच!

परत येतो तो अंगण माणसांनी भरलेलं. दोघांनी बांबूसुद्धा तोडून आणले होते. आजोळची आजी गेली असं धरून आई रडत होती, आणि सुतकात लग्न मोडणार म्हणून बहीण. कुणी मेलेलं नाही हे पटवताना माझा घसा बसला. एवढं होऊन जो तो मलाच बोलून गेला. त्या बांबूंवर पुढे आईने घेवडा चढवला.

बाबा तेवढे बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "धावायचाच हाय?"

"शर्यत आहे, बाबा."

"जिकून काय मिळंल?"

"कप. पितळेचा असेल."

"घरात पितळ कमी हाय काय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो तर बाबा अंथरुणात नव्हते. सड्यावर पोचलो तेव्हा पुढे धुक्यात घोंगडी पांघरून कुणीतरी चाललं होतं. दर गडग्यापाशी थांबून सांगत होतं, "कोन नाय गेलेला. आमचा रघ्या धावतोय. उगाच."

उगाच! मी जीव तोडून धावतो आणि हा माणूस घरोघरी सांगतो, उगाच! रजा संपेपर्यंत रोज हेच. माझ्या आधी तासभर उठून, थंडीत कुडकुडत, खोकत ते पुढे जायचे. मी गाठलं की वळूनही न बघता वाट सोडून बाजूला उभे राहायचे. मला शरमेने मेल्यासारखं व्हायचं. एकदाही थांबून म्हटलं नाही की बाबा, घरी जा, थंडी आहे. प्रॅक्टिस बुडाली असती ना!

शर्यतीत मी नववा आलो.

दोन वर्षांनी, थंडीतच, आईची तार आली. बोटीतून उतरलो आणि बंदरापासून घरापर्यंत धावत सुटलो, गिरणीतल्या कपड्यांत, पायात वहाणा. सड्यावर माणसं होती. त्यांनी वाट सोडली. भागीकाकी गडग्यापाशी उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. मला वाटेत कुणी काही विचारलं नाही. अंगणात पोचलो तेव्हा अस्थी गोळा करून माणसं नुकतीच परतली होती.

मी अजून धावतो. थंडीच्या पहाटे माहीमपलीकडे भातखाचरं लागतात, तिथवर जातो. वाटेत शेकडो माणसं भेटतात, पण एक मान वर करील तर शपथ. मेली माणसं की काय सगळी? अशी चीड येते! तुमच्या चौकशांना कंटाळून मी तेव्हा आईला म्हटलं होतं, परत या गावात पाऊल टाकणार नाही. आता मला गाव म्हणजे एवढंच कळतं, की धावणाऱ्याला अडवून विचारणारी माणसं तिथे असतात. पण तुम्हीही मला फसवलंत. कुणी गेलं नव्हतं तेव्हा प्रत्येक गडग्यावर विचारलंत, आणि नाव सांगायची वेळ आली तेव्हा एकानेही विचारलं नाही.