शरच्चंद्र मास्तरांची हातकडी

आमच्या पेटीमास्तरांना पोलिसांनी भर दुपारी हातकड्या घालून नेलं, ही बातमी त्रेपन्न सालच्या दिवाळीनंतर अख्ख्या गल्लीत झाली. माझ्या वर्गातल्या शशिकलाच्या आईने मागून चालणारे दोन शिपाई स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

खरी गोष्ट अशी की शिपाई नव्हते; दोन रिकामटेकडे बघे होते. हातकडीही नव्हती. ते मास्तरांनी स्वतःच करवून घेतलेलं, दांडीवर दोन कडी असलेलं यंत्र होतं. त्याचा पेच अडकला म्हणून मास्तर दोन्ही हात त्यात घालून पायी पोलोग्राउंडला निघाले होते, ज्याने बनवलं त्याच्याकडूनच सोडवून घ्यायला. कडी दांडीवर सरकत असल्यामुळे वाटेत ओळखीच्यांना नमस्कार मात्र व्यवस्थित करता आला, असं ते सांगायचे.

शरच्चंद्र निघोजकर मास्तर तीस वर्षं पेटी वाजवत होते. कीर्तनात, गणपतीत, आणि आमच्या मुलींच्या शाळेत. पेटीवर उजवा हात सूर धरतो आणि डावा हात मागचा भाता हलवत राहतो. तीस वर्षं डाव्या हाताला दुसरं काम नव्हतं.

मग एका सरदारांनी घर आवरताना शाळेला पियानो दिला. आमच्या मोठ्या बाई यशोधराबाई प्रत्येक वाक्य शिक्का मारल्यासारखं संपवायच्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, यंदा संमेलनात स्वागतगीत पियानोवरच होणार, कळलं ना? तुम्हाला नाही जमलं तर महूचे एक मास्तर तयार आहेत. मग पेटीला जागा राहणार नाही, कळलं ना?"

मास्तरांना कळलं. दोन महिने हातात होते.

सूर त्यांना लगेच सापडले. अडचण तिसऱ्या ओळीला यायची. तिथे आल्यावर डावा हात पट्ट्या सोडून पुढे जायचा आणि पियानोची समोरची फळी भात्यासारखी हलवू लागायचा. पियानोला हवा लागत नाही हे मास्तरांना ठाऊक होतं. हाताला ठाऊक नव्हतं.

पियानोच्या स्टुलात एक जुनं इंग्रजी पुस्तक निघालं. त्यात पियानोच्या सरावासाठी हात कड्यांत घातलेल्या एका मुलीचं चित्र होतं. ते घेऊन मास्तर पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात संताजी मिस्त्रीकडे गेले.

"मास्टरजी, हे बैलासाठी आहे का?"

"माझ्यासाठी."

"ठीक है, मग माप द्या."

पट्ट्यांच्या पुढे मनगट टेकायला आडवी लाकडी दांडी, तिच्यावर सरकणारी दोन पितळी कडी. हात आत घालून पेच आवळायचा. हात डावी-उजवीकडे जातो, पुढे जात नाही, मनगटही खाली पडत नाही. यंत्र इतकं चांगलं झालं की पहिल्याच आठवड्यात ते सुटेना. त्याचीच ती बातमी.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, मास्तरांकडे पेटी शिकत होते आणि दोन वर्षांपासून मधल्या सुट्टीत मास्तरांची नक्कल करत होते. त्यांची सगळ्यांत सोपी. उजव्या हाताने बाक बडवायचा, डावा हवेत हलवायचा, मधून मधून "वा, क्या बात!" म्हणायचं. एकदा मुली हसायच्या थांबल्या. मागे मास्तर उभे होते.

"छान आहे, सरले. पण डावा हात तू फार हलवतेस. मी एवढा नाही हलवत."

"हलवता, मास्तर. संमेलनातसुद्धा हलवाल. लावा शर्त."

"लागली. हरलीस तर माझी नक्कल पियानोवर बसून करायची. पूर्ण गाणं, दोन्ही हातांनी."

"आणि जिंकले तर?"

"जिंकलीस तर नक्कल ऐकायला मी इथे नसेनच."

मी शर्त मागे घेतली नाही.

संमेलनाच्या दिवशी यशोधराबाईंनी यंत्र पहिल्यांदा नीट पाहिलं. "पाहुण्यांपुढे हा उंदराचा सापळा? काढा तो, कळलं ना?" शाळेच्या शिपायाने दांडी उचलून पडद्यामागे नेली. मास्तर स्टुलावर बसले. त्यांचा डावा हात मांडीवर होता आणि आत्तापासूनच थोडा थोडा हलत होता. मी शशिकलाला कोपर मारलं.

शेजारीच सरस्वतीपूजन झालेलं होतं. पानावर तांदूळ, तांदळांवर सुपारीचा गणपती. मास्तर उठले, हात जोडले, सुपारी उचलली आणि बुडाकडून डाव्या हाताच्या पाठीवर उभी ठेवली.

यशोधराबाईंची कुजबुज तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू आली. "मास्तर! बसवलेला गणपती हलवायचा नसतो!"

"तेच सांगतोय याला," मास्तर डाव्या हाताकडे बघत म्हणाले, आणि सुरू झाले.

तिसरी ओळ आली. डावा हात पुढे जायला निघाला. सुपारी एका बाजूला कलली. तीस वर्षं कीर्तनात बसलेला हात. त्याने गणपती पाडला नाही. सुपारी सरळ झाली. चारही कडवी संपली तेव्हा ती तिथेच होती. मास्तरांनी ती पुन्हा तांदळांवर ठेवली, कान धरून नमस्कार केला.

"सोमवारपासून चौथीच्या मुलीही तुमच्याकडे, कळलं ना?" यशोधराबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पियानोपुढे बसले. मुली बघायला जमल्या होत्या. पहिल्या दोन ओळी मी हुबेहूब मास्तरांसारख्या वाजवल्या. तिसऱ्या ओळीला माझा डावा हात पट्ट्या सोडून पुढे गेला आणि फळी हलवू लागला. मी त्याला सांगितलं नव्हतं.

मास्तरांनी पडद्यामागून दांडी आणली. "पेच जपून हं," ते म्हणाले, "अडकतो."