आजऱ्याचा भिडू

भिण्याच्या बाबतीत आमच्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. हे मी कौतुकानंच म्हणतोय. बाकीची माणसं भितात ती निवडक गोष्टींना, कुणी सापाला, कुणी अंधाराला, कुणी बायकोला. आमचे साडू कुणालाच कमी लेखत नाहीत. मिक्सर सुरू झाला की ते स्वयंपाकघरातून बाहेर पडतात. गॅसची टाकी बदलायची असली की मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घराची दारं-खिडक्या सताड उघडतात आणि शेजाऱ्यांना आगाऊ कळवलं जातं. लिफ्टमध्ये ते आयुष्यात एकदाच चढले आणि दार मिटायच्या आत उतरले. गंमत म्हणजे हा माणूस वीज खात्यात लाइनमन होता! वळवाच्या वादळात खांबावर चढून तुटलेल्या तारा जोडायचा. "तेव्हा भीती नाही वाटली?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तार सरळ असती पावणं. करंट हाय, न्हाईतर न्हाय. ज्याचं काय कळत न्हाय त्याचं भ्या वाटतं." साडू माझ्याहून वयानं मोठे, पण माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी त्यांचा पावणाच.

तर ज्याचं काही कळत नाही अशा गोष्टींत पहिला नंबर अपडेटचा. निवृत्त झाल्यावर ते फोनवर मेंढीकोट खेळायला लागले. आपला साधा पत्त्यांचा मेंढीकोट, चौघं जण, दोन जोड्या, ज्यांनी जास्त दश्श्या मारल्या ते जिंकले. पैज नाही, काही नाही. फरक इतकाच की चौघं चार गावांत बसलेले असतात. दुपारी चार ते पाच साडूंच्या घरी कुणी आलं तर त्याला चहासुद्धा खुणेनंच विचारला जायचा. पण गेम बनवणाऱ्या कंपनीला स्वस्थ बसवेल तर ना! आधी पत्त्यांची पाठ बदलली, तेव्हा साडूंना दोन दिवस जेवण गेलं नाही. मग पान टाकलं की टाळ्या वाजायला लागल्या. मग राजा मिशी हलवायला लागला. जोकर आला त्या दिवशी तर "मेंढीकोटात जोकर? उद्या भजनात डीजे लावतील!" असे ओरडले की खालचा इस्त्रीवाला जिना चढून वर आला. अपडेट येणार अशी कुणकुण लागली की ते फोन बंद करून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवत. फोन सापडला नाही तर अपडेट आल्या वाटेनं परत जाईल अशी त्यांची समजूत.

या सगळ्या धास्तीत त्यांना आधार एकच, त्यांचा भिडू. आजऱ्याचे एक सुतारमिस्त्री. पाच वर्षं रोज चारला दोघं जोडीनं बसले, आणि इतक्या वर्षांत एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, की फोन नंबर घेतला नव्हता. मी छेडलं तर म्हणाले, "नंबर दिला की माणूस वास्तुशांतीला बोलावतो. पत्त्यातला माणूस पत्त्यातच बरा." मिस्त्री दारं-खिडक्या करतात आणि बदामाची राणी शेवटच्या हातापर्यंत सोडत नाहीत, एवढीच काय ती साडूंना माहिती. आणि शिव्या. साडूंचं पान चुकलं की पडद्याच्या कोपऱ्यात मिस्त्रींचे शब्द उमटत, "अक्कल रंध्यानं तासून काढलीस काय रं?" साडू ते मला वाचून दाखवायचे आणि खुशीत म्हणायचे, "बगा, तब्येत चांगली हाय मिस्त्रीची."

मग ते अपडेट आलं. यापुढं एखादा खेळाडू आला नाही किंवा त्यानं पान टाकलं नाही तर डाव अडणार नाही, त्याच्या जागी यंत्र बसेल. त्याच्याच नावानं बसेल, आणि आजवरचा त्याचा खेळ बघून हुबेहूब त्याच्यासारखा खेळेल. कंपनीनं त्या यंत्राला 'सावली' असं गोड नाव दिलं होतं. समोर माणूस बसलाय की सावली, हे मात्र कुठंच दिसणार नव्हतं. साडूंनी ती सूचना माझ्याकडून तीनदा मोठ्यानं वाचून घेतली. मग पडलेल्या आवाजात म्हणाले, "पावणं, म्हंजे माणूस गेला तरी कळायचं न्हाय?" मी हसलो. आज सांगतो, हसायला नको होतं.

त्यांनी सभा बोलावली. पेठेतल्या चहाच्या हॉटेलात गेम खेळणारे दहा-बाराजण जमले. गारगोटीच्या एक निवृत्त बाई जोकर काढा म्हणून हटून बसल्या, तर साखर कारखान्यावरचे एक गृहस्थ कमी ऐकू येतं म्हणून टाळ्या वाढवा म्हणाले. अर्धा तास नुसता कालवा. शेवटी साडू उठले. चारचौघांत बोलायचीही त्यांना भीती, त्यामुळं खुर्चीची पाठ घट्ट धरून म्हणाले, "जोकर ऱ्हाऊ द्या, टाळ्या ऱ्हाऊ द्या. पर समोर जितं माणूस हाय का न्हाय, एवढं तरी कळू द्या की! ती सावली बंद करा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मराठीचा मास्तर, म्हणून पत्र मी लिहिलं, 'महोदय'पासून 'आपले विश्वासू'पर्यंत. सह्यांसाठी साडू भर उन्हात सायकलवरनं गावभर फिरले. पत्र गेलं, पण उत्तर काही येईना.

त्याच सुमारास मिस्त्रींच्या शिव्या थांबल्या. चारला हजर, खेळ तोच, राणीही शेवटपर्यंत हातात, पण कोपऱ्यात एक शब्द नाही. "कामात असतील," असं म्हणत साडूंनी आठवडा काढला, मग दुसरा काढला. पुढं त्यांची झोपच उडाली. एका दुपारी मला बोलावून घेतलं आणि माझ्यादेखत त्यांनी अघोरी प्रकार केला. हात जिंकल्यात जमा होता, वर मिस्त्रींचीच दश्शी पडली होती, आणि आपल्याच भिडूच्या त्या पानावर साडूंनी हुकमाचा एक्का वाया घालवला! एवढ्या मूर्खपणावर मिस्त्रींनी सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आम्ही दोघं कोपऱ्याकडं बघत बसलो. काही उमटलं नाही. पुढचं पान शांतपणे पडलं. "शिवी न्हाय आली पावणं," साडू म्हणाले, आणि मी उठून आजऱ्याला जाणाऱ्या एसटीची वेळ बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही आजरा गाठलं. वाटेत साडू घोकत होते, "दिसला की पयली शिवी मीच घालतो." मग थोड्या वेळानं, "आणि तसं काय असलं, तर घरच्यांना त्यो गेम फोनमधनं काढाय लावायचा. मेल्या माणसाच्या नावानं मशीन खेळलेलं न्हाय चालायचं." आजऱ्यात लाकडाच्या वखारीवर विचारलं, फोनवर पत्ते खेळणारे मिस्त्री कुठं राहतात? वखारवाल्यानं घर दाखवलं, पण आमच्या तोंडाकडं बघितलं नाही.

दार मिस्त्रींच्या पत्नीनं, भाभींनी उघडलं. साडूंचा घाबरलेला चेहरा बघून म्हणाल्या, "तुम्ही कोल्हापूरचे भिडू ना? हे सांगायचे, लई भित्रा हाय म्हणून." मिस्त्रींना जाऊन पंधरवडा उलटून गेला होता. साडूंनी चौकट धरली. ती मिस्त्रींनीच केलेली असणार. पाणी घेतलं, बसले, आणि घोकलेलं बोलायला लागले, "भाभी, ते मशीन हाय न्हवं, त्यांच्या नावानं..."

"माहीत हाय मला," भाभी म्हणाल्या. "रोज चारला ह्यांचा फोन उघडून बसते. मला पत्ते येत न्हाईत. पण ह्यांची पानं पडताना बघते. ती राणी अजून सोडत न्हाईत बघा." मग एकदम घाबरून विचारलं, "तुम्ही आता खेळायचं थांबणार काय?"

साडूंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "न्हाय भाभी," म्हणाले, "चारला असतोय मी." परतीच्या गाडीत निम्म्या वाटेत मला म्हणाले, "पावणं, गेलेल्या माणसाची परीक्षा घेतली की वो मी," आणि सगळ्या एसटीदेखत रडले.

तेव्हापासून रोज चारला ते बसतात. मीही शेजारी जाऊन बसतो, कारण त्यांना एकट्यानं बसवत नाही. "समोर कोण न्हाय ते म्हाईत हाय, तरी भ्या वाटतंय," असं म्हणतात आणि पान टाकतात. चुकलं की आता शिवी स्वतःच स्वतःला घालतात, मोठ्यानं, मिस्त्रींच्याच शब्दांत.

आणि गेल्या आठवड्यात कंपनीचं उत्तर आलं. फार नम्र होतं. खेळाडूंच्या भावनांचा आदर करून, विशेषतः कोल्हापूरच्या पत्राची दखल घेऊन, महिनाअखेरच्या अपडेटपासून सावली कायमची बंद करत आहोत. जिंकलो म्हणून सभेतल्या मंडळींनी पेढे वाटले, गारगोटीच्या बाईंनी साडूंचा सत्कार ठरवला. साडू हातातला पेढा तसाच घेऊन माझ्याकडं आले. इतका भ्यालेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. "भाभीला काय सांगू पावणं?" त्यांनी विचारलं. मग खिशातून कोरा कागद काढला. खाली सही करूनच आणला होता. "दुसरं पत्र लिवा. म्हणावं, चुकलं आमचं."

जन्मभर पोरांना अर्ज लिहायला शिकवलं मी. कागदावर 'महोदय' लिहून झालंय. त्याच्या वर 'विषय' लिहून पुढं दोन टिंबंही दिलीत, पण त्यापुढं काय लिहायचं ते सुचत नाही. रोज चारच्या आधी साडू विचारतात, "झालं काय वो पत्र?" आणि मी त्यांच्याकडं न बघता म्हणतो, होत आलंय.