डावीकडे ओढणारी मोटार

लढाईच्या त्या वर्षांत मी नगरच्या एका डॉक्टरांची जुनी मोटार चालवत होतो. पुण्याला लष्करी वर्कशॉपात फिटरची जागा मिळाल्याचं पत्र आलं होतं, शनिवारी हजर व्हायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "गाडी डावीकडे ओढते. तेवढी सरळ कर आणि खुशाल जा." तसली गाडी दुसरा कुणी हातात घेईना, हे खरंच होतं.

घोडेगावला जाऊन येईतो माझा खांदा भरून यायचा. चार दिवस मी मोटारीखाली उताणा पडून होतो. सांधे आवळले, ग्रीस भरलं, स्टिअरिंगचा खुळखुळा काढला. इतका काढला की वळणावर चाक परत फिरेना आणि आम्ही थेट बाभळीत. डॉक्टर हसत खाली उतरले आणि गाडी ढकलू लागले. त्याचाच मला जास्त संताप आला.

नवं टायर परमिटशिवाय मिळत नसे आणि परमिट काही येत नसे. म्हणून फाटक्या टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा बसवायचा, अशी आम्हा ड्रायव्हरांची रीत. पुढच्या डाव्या टायरला तो मीच बसवला होता आणि चारचौघांत मिरवलाही होता. दोष तिथे असेल हे डोक्यातच येईना. पाचव्या दिवशी नाइलाजानं पुढच्या दोन चाकांची अदलाबदल केली, तर गाडी उजवीकडे ओढू लागली; म्हणजे दोष मी बसवलेल्या तुकड्याचाच. शरमेनं माझे कान तापले.

मग ते टायर मागे टाकलं, मागचं धड टायर पुढे घेतलं, स्टिअरिंग बेतानं सैल केलं. शुक्रवारी डॉक्टरांना नेवाशाच्या रस्त्यावर फिरवून आणलं. गाडी नाकासमोर चालत होती.

"डॉक्टरसाहेब, झाली की सरळ. मी उद्या जातो. तुमीच म्हनला हुता."

डॉक्टरांना खरोखर आनंद झाला होता. "अरे, हे दुसऱ्या कुणाला सापडलं असतं का? उद्या आणखी एक टायर फाटलं तर मी कुणाकडे बघू? खेड्यातल्या बाळंतिणींकडे काय चालत जाऊ? लढाई संपेतो थांब."

बाळंतिणींचं नाव काढल्यावर मला नाही म्हणवेना. चार दिवस चुकत होतो तेव्हा सांगून टाकायला हवं होतं की हे माझ्याच्यानं होत नाही. त्यांनी हसत सोडलं असतं. मी "बरं" म्हणालो. त्या "बरं"चा राग मला अजून येतो, आणि तो डॉक्टरांवर काढता येत नाही.