नव्वद दिवसांच्या शेळ्या

ओझेल थ्रेडगिलने पाचवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण आमच्या कॉलेजातल्या निम्म्या प्राध्यापकांना शेळी कशी धरायची हे त्यानेच शिकवलं. मी हे त्या प्राध्यापकांना तोंडावर ऐकवलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला मला कुणाची भीती नाही. मी अर्नेस्टीन, सगळ्यांची अर्नी. कॉलेजच्या शेळ्यांच्या फार्मवर मी लेंड्या तपासायची, सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी मोजायची. ज्यांना हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

आमचं कॉलेज काळ्यांचं. शेतीसंशोधनाच्या सरकारी पैशाचं भरलेलं ताट नेहमी गोऱ्यांच्या मोठ्या विद्यापीठापुढे, आणि आमच्या पानात कडेचं मीठ. मग वॉशिंग्टनने आमच्यासारख्या कॉलेजांसाठी वेगळं अनुदान काढलं, आणि आमच्या फार्मच्या प्रमुख डॉक्टर बॅटलबाईंनी तीन वर्षं अर्ज करकरून ते पहिल्यांदा फार्मपर्यंत ओढून आणलं. त्यातून शेडवर पत्रे आले, माझा सूक्ष्मदर्शक आला, आठ जणांच्या नोकऱ्या आल्या. ओझेल अठ्ठावन्न वर्षांचा होईतो रोजावर राबत होता, तो पहिल्यांदा पगारी राखणदार झाला. पण पहिल्या वर्षाचं काम नीट दाखवलं, तरच पुढची दोन वर्षं मिळणार होती.

काम असं होतं. अलाबामातल्या आमच्या दमट उन्हाळ्यात शेळ्यांच्या पोटात जंत होतात, रक्त पितात, आणि शेळी उभ्याउभ्या मरते. आमच्या माळावर एक गवत उगवतं, त्याला आम्ही गरिबाचा लसूणघास म्हणतो. ते खाणाऱ्या शेळ्यांना जंत कमी होतात असं ओझेल वीस वर्षं कानीकपाळी ओरडत होता. आता ते सिद्ध करायचं होतं. जाळीने वेढलेल्या एका वाडग्यात वीस शेळ्या या घासावर, दुसऱ्यात वीस साध्या गवतावर, नव्वद दिवस. औषध नाही, सुई नाही. टोचलेली शेळी मोजणीतून बाद. आणि नव्वदाव्या दिवशी दोन्ही वाडग्यांत निदान पंधरा शेळ्या उभ्या हव्यात, नाहीतर सगळं मुसळ केरात.

ओझेल रोज सकाळी एकेका शेळीची खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग बघायचा. लाल असली तर ठीक, पांढरी पडली तर जंत लागले. ऐंशी दिवसांत साध्या गवताच्या तीन शेळ्या गेल्या. घासाच्या वाडग्यात वीसच्या वीस. डॉक्टरबाई हळूहळू हसायला लागल्या होत्या.

आता कुत्र्यांचं सांगते. आमच्याकडे नोव्हेंबरात कुत्रे सोडून हरणांची शिकार करतात. एखादं कुत्रं चुकून कुणाच्या दारी आलं, तर त्याने ते बांधून ठेवायचं, पाणी दाखवायचं, आणि पट्ट्यावरच्या नंबरावर मालकाला कळवायचं. ही इथली रीत, काळ्यागोऱ्या सगळ्यांची. ओझेल मात्र रीतीच्याही पुढे जायचा. तो कुत्र्याला सावलीत बांधायचा, डुकराच्या चरबीत बुडवलेली मक्याची भाकरी चारायचा, आणि त्याला ‘सर’ म्हणायचा. मी एकदा खो खो हसले. तेव्हा त्याने कारण सांगितलं, आणि मी पुन्हा हसले नाही.

ओझेल सहा वर्षांचा असताना एका गोऱ्या जमीनदाराचं कुत्रं त्यांच्या कोंबड्यांवर पडलं, आणि ओझेलच्या बापाने त्या कुत्र्याला फावडं हाणलं. त्याच दुपारी जमीनदाराकडचे तिघे आले. त्यांनी बापाचे हात लाकडं फोडायच्या ओंडक्यावर दाबून धरले आणि कुऱ्हाडीच्या दांड्याने एकेक बोट फोडलं. ओझेलची मान धरून त्याला ते बघायला लावलं. बाप पुढे तीस वर्षं जगला, आणि तीस वर्षं त्याला बायकोनेच घास भरवला.

चौऱ्याहत्तराव्या दिवशी दोन कुत्रे फार्मच्या फाटकाशी आले. कुंपणापलीकडचं रान गोऱ्या रॉयस टॅनहिलच्या शिकारी क्लबचं, कुत्रेही त्याचेच. ओझेलने ते बांधले, चारले, निरोप धाडला. टॅनहिल आला आणि आभाराचा शब्दही न बोलता घेऊन गेला. दोन दिवसांनी तेच कुत्रे आपणहून हजर. ओझेलने पुन्हा भाकरी घातली.

“भाकरीचं दुःख नाही,” मी म्हटलं, “पण कुत्रं सोकावतं.”

तो म्हणाला, दाराशी पोट भरलं की ते आत कशाला येईल? मला ते पटलं नाही, पण मी वाद घातला नाही, आणि त्याबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो.

एक्याऐंशीव्या दिवशी शनिवार होता. कॉलेजचा मोठा फुटबॉल सामना, सगळा गाव मैदानावर, बँडचे ढोल फार्मपर्यंत ऐकू येत होते. ओझेल शेळ्यांना सोडून गेला नाही, म्हणून मी त्याच्यासाठी तळलेल्या माशांचं ताट घेऊन गेले. मी फाटकापासून शंभर पावलांवर असताना कुत्रे आले. या खेपेला सहा. पुढे ते दोघे, शेपट्या हलवत. भाकरीची जागा त्यांना पाठ होती. तिथली माती आधीच उकरलेली होती. दोघांनी ती आणखी उकरली आणि सहाही फाटकाखालून घासाच्या वाडग्यात शिरले.

शेळीचं ओरडणं माणसासारखं असतं. एका कुत्र्याने एकीचा मागचा पाय धरला, दुसऱ्याने तिची कास फाडली, आणि ती पडायच्या आत तिसरा तिच्या गळ्याला लागला होता. ओझेल पहार घेऊन आत धावला आणि मधोमध थांबला. “नको, सर,” तो कुत्र्यांना म्हणत होता. “चला, सर. चला बाहेर.” त्याच्या पायाशी एक शेळी आतडी ओढत सरपटत होती, तरी त्याच्या हातातली पहार वर जाईना. माझ्या हातातलं ताट केव्हाच मातीत गेलं होतं. मी ओरडले, “ओझेल, ते कुत्रे आहेत! मार!”

मग त्याने मारलं. पहिला घाव एका कुत्र्याच्या कण्यावर बसला. मोडल्याचा आवाज मला जाळीबाहेर आला. दुसऱ्या कुत्र्याने त्याच्या दंडात दात रुतवले, तर त्याने त्याला तसंच शेडच्या भिंतीवर आपटलं आणि डोक्यात पहार घातली. तिसरा शेळी सोडेना, म्हणून तो मरेपर्यंत ओझेल त्याच्या बरगड्यांवर घाव घालत राहिला. मरून पडला तरी घालतच राहिला. उरलेले तीन आल्या वाटेने पळाले. ओझेल गुडघ्यांवर बसला आणि रक्ताने बरबटलेल्या हातांनी शेळ्या मोजायला लागला.

पाच मेल्या होत्या. पंधरा उरल्या, पण सतरा नंबरच्या शेळीची कूस वीतभर फाटलेली. ती गेली तर चौदा, आणि सगळं संपलं. सुई देता येत नव्हती. मिठाचं पाणी आणि टाके चालत होते. मी कूस धरली, ओझेल दोऱ्याने शिवायला लागला.

टाके निम्मे झाले तोवर टॅनहिलचा ट्रक आला. त्याच्याबरोबर त्याचा जावई, दोघांच्याही हातात बंदुका. टॅनहिलने मेलेले कुत्रे पाहिले आणि फाटक लाथेने उघडलं. “ए पोरा,” तो म्हणाला, “कुणी मारले?”

अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला पोरा. ओझेलने टाक्यांची सुई मला दिली आणि उठला.

“मी मारले. पुन्हा आले तर पुन्हा मारीन. तुम्हाला मला मारायचं असेल तर फाटकाबाहेर मारा. इथे शेळ्या बिथरतात.”

आणि तो आपल्या पायांनी बाहेर गेला. टॅनहिलने बंदुकीचा दस्ता त्याच्या जबड्यावर घातला. हाड मोडलं, दात चिखलात पडले. तो खाली पडल्यावर जावयाने त्याच्या पोटात बुटाने लाथा घातल्या, न थांबता, एकही शिवी न देता. ओझेलने तोंडातून आवाज काढला नाही. मैदानावर आमच्या मुलांनी गुण मिळवले असावेत, ढोल वाजत होते. मी शेवटचा टाका घातला, गाठ मारली, पहार उचलली आणि मागून जाऊन जावयाच्या गुडघ्यावर हाणली. लेंड्या मोजणाऱ्या बाईने. त्याचा गुडघा उलटा वाकला. टॅनहिलने बंदूक माझ्याकडे वळवली, माझ्याकडे बघितलं, मग विव्हळणाऱ्या जावयाकडे बघितलं, आणि त्याला ओढत ट्रकमध्ये घातलं. जाताना मेलेले कुत्रेही नेले.

ओझेल सहा दिवस दवाखान्यात होता. सातव्या दिवशी जबडा तारांनी बांधलेला घेऊन वाडग्यात आला. सतराची जखम चिघळली होती, वास मारत होती. तो तासन्‌तास तिच्याजवळ बसून मिठाचं पाणी ओतायचा. ती अंग थरथरवत त्याच्या मांडीवर डोकं ठेवायची, आणि औषधाची बाटली दहा पावलांवरच्या कपाटात बंद होती. मी त्याला रडताना तेव्हाच काय ते पाहिलं.

नव्वदाव्या दिवशी वॉशिंग्टनहून तपासनीस बाई आल्या. सतरा नंबर आपल्या चार पायांवर उभी होती. बाईंनी मोजल्या: पंधरा. माझे आकडे पाहिले, दोनदा पाहिले, आणि म्हणाल्या की हे काम पुढे गेलंच पाहिजे. मग त्यांनी पाच शेळ्या कशाने गेल्या ते विचारलं. अहवालात ‘भटके कुत्रे’ असं लिहिलेलं होतं. तसं लिहायला डीनसाहेबांनी लावलं होतं, कारण टॅनहिलचं जिल्ह्यात वजन होतं. बाई पान उलटणार, तेवढ्यात ओझेल जबड्याच्या तारांमधून बोलला.

“भटके नव्हते. टॅनहिलचे होते. आणि त्यांना इथली वाट मी दाखवली, भाकरी घालून. तेही लिहा. नाहीतर उद्या दुसरा कुणी घालील.”

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले. डीनसाहेबांना हवं ते आयतं मिळालं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी पत्र काढलं: राखणदाराने निष्काळजीपणा स्वतः कबूल केला आहे, शिवाय आवारात मारामारी, म्हणून कामावरून कमी. डॉक्टरबाई त्यांच्याशी तासभर भांडल्या, राजीनामा देते म्हणाल्या. ओझेलनेच त्यांना देऊ दिला नाही. अनुदान मिळालं, दोन्ही वर्षांचं. आठ नोकऱ्यांपैकी सात राहिल्या.

एक्याण्णवाव्या दिवशी सकाळी तो फाटकाशी आला. कॉलेजने फाटकावर पाठवलेला पहारेकरी त्याला आत सोडेना. मला वाटलं भांडायला आलाय, आणि मी त्याच्या बाजूने भांडायला तयारच होते.

“सतराला आज सुई दे, अर्नी,” तो म्हणाला. “नव्वद झाले.”

मी म्हटलं, डॉक्टरबाईंना विचारून येते. तो म्हणाला, शेळीला आणखी थांबवू नकोस.

मी कपाट उघडलं, सतराला धरलं आणि सुई दिली. ती ओरडली. ओझेल बाहेर जाळीला धरून उभा होता, आणि मला त्याच्याकडे बघवेना.