दुधनेत उकळलेला चुना

"पाणी मारा! हाणा पाणी!" जमादारसाहेब काठावरून ओरडत होते. आमचा सेक्शन बादल्या ओतत होता आणि दर बादलीसरशी आग दुप्पट होत होती.

मी तेव्हा निजामाच्या फौजेत शिपाई. पोस्टिंग सेलूजवळ. दुसऱ्या दिवशी कर्नलसाहेबांचं इन्स्पेक्शन, म्हणून बराकींना सफेदी करायला भट्टीवरून चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, मागवली होती. गाडीवान काशीबा, पाथरीचा. यानं भरली गाडी दुधना नदीत नेऊन उभी केली. एक चाक गाळात रुतलं, गाडी कलली, पोती पाण्याला टेकली.

शिकलेली मंडळी सांगतात, भाजलेला चुना म्हणजे कॅल्शियम आणि ऑक्सिजन यांचं संयुग, ऑक्साइड. पाणी लागलं की तापतो. नुसता तापतो? अहो, पोती पेटली, नदी उकळली! वाफ एवढी, की सेलूच्या स्टेशनमास्तरनं रेल्वे आली समजून सिग्नल पाडला. मासे शिजून झरीपर्यंत वाहत गेले. झरीकरांची तक्रार एकच, मीठ कमी पडलं.

"साहेब, माजे बैल!" काशीबा बोंबलला. कललेल्या गाडीचं जू बैलांच्या मानेत आवळलं होतं. पट्टे सुटेनात. आग शेपटांपाशी आली.

"पाणी बंद! सत्तार, ॲडव्हान्स!"

लान्सनायक सत्तार संगीन दातांत धरून वाफेत घुसला. मागोमाग मी. समोरचं काही दिसेना.

"सत्तारभाई, बैल सापडला का?"

"हौ. मेरे पाँव पो खड़ा है."

"मग काप की पट्टा!"

"पैले उसकू बोल, हट जा!"

शेवटी पट्टे तुटले. बैल जे उधळले ते थेट छावणीच्या पहाऱ्यावर, क्वार्टर-गार्डसमोर जाऊन थांबले. संत्री एवढा शिस्तीचा, की त्यानं दोघांनाही सॅल्यूट ठोकला. बैलांना साधा चटकाही बसला नव्हता. काशीबा त्यांच्या गळ्यात पडून हसत होता, रडत होता.

इन्स्पेक्शनला बराकी काळ्याच राहिल्या, जवान मात्र पांढरेफेक.

त्या मोहिमेत कामी आले ते दोघे: एक गाडी आणि सत्तारची डावी मिशी. त्यांना माझा आजही सलाम.

चहा पाजून जमादारसाहेबांनी काशीबाला विचारलं, "बाबा, चुन्यानं भरलेली गाडी पाण्यात घातलीस कशाला?"

"उन्हानं चाकं वाळून आकसली व्हती, साहेब, भिजवाय नेली. चाकावरची लोखंडी धाव निसटली असती, तर गाडीचं नुसकान झालं असतं."