पाठमोरा बिबट्या

माणसाला राग यावा म्हणून देवाने वीज जाणं केलं, एसटी हुकणं केलं, आणि तेवढ्याने भागेना म्हणून माझ्या बायकोचे मामा केले. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग आहे, पण तो आता लोणच्यासारखा मुरलाय. मामा तळेघरकडचे. पावसाळ्यात भात आणि नाचणी, उरलेलं वर्षभर रंगकाम. दुकानाची पाटी, ट्रॅक्टरची ट्रॉली, शाळेची भिंत, ज्याला म्हणून सपाट बाजू आहे ते सगळं आपल्यासाठीच घडवलंय अशी त्यांची प्रामाणिक समजूत. आमच्या लग्नात पंगत बसली असताना हा माणूस भरल्या ताटावरून उठला, का तर मांडवाच्या कमानीवरचा गणपती त्यांना ‘उपाशी’ दिसत होता. वाढपी भात घेऊन उभा आणि हे शिडीवर, गणपतीचं पोट वाढवत. अक्षता पडून गेल्या होत्या म्हणून बरं, नाहीतर भटजींनाही थांबवलं असतं.

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. अभ्यास केला तो कांद्याच्या पोत्यांवर बसून, आणि वही उघडली की आधी टरफलं झटकायची, हे मी अभिमानाने सांगतो. म्हणूनच लेक झाली तेव्हा वारूळवाडीच्या घरात तिच्यासाठी वेगळी खोली काढायची आणि तिची एक भिंत हाताने रंगवून घ्यायची, हे मी ठरवून टाकलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, “पाळण्यातल्या पोरीला खोली? ती काय हापिस चालवणाराय व्हय?” मी लक्ष दिलं नाही. ही बाळंतपणाला माहेरी होती. ती लेकीला घेऊन यायच्या आत भिंत तयार हवी होती. मोबाइलवर मी चित्रही शोधून ठेवलं: हिरवं जंगल, हत्ती, जिराफ, माकडं आणि मधोमध हसणारं बिबट्याचं पिल्लू. रंगवायला बोलावलेल्या मामांनी मोबाइल जवळ धरला, लांब धरला, आडवा केला.

“पावणं,” ते म्हणाले, “हे ज्यानं काढलंय, त्यानं रान पाह्यलेलं नाय.”

आणि मग ते माझ्या घरी राहायलाच आले. माझ्या स्टीलच्या ताटल्यांत रंग कालवले. ब्रश धुतले ते माझ्या चहाच्या कपात. रंग जमलाय का हे ते स्वतःच्या दंडावर लावून बघत, त्यामुळे संध्याकाळी जेवायला बसले की माझ्यासमोर हिरवा-निळा माणूस नाचणीची भाकरी कुस्करत असे. भाकरीही त्यांचीच, त्यांनीच थापलेली. माझ्या चपातीला ते ‘कागद’ म्हणत. हत्ती रंगवताना हत्तीशी बोलत, माकडाला दम देत. जिराफावर मात्र त्यांचा विश्वासच बसला नाही. “एवढ्या मानेचं जनावर पानी कसं पिनार? काढनाऱ्याचं माप चुकलंय,” असं म्हणून त्यांनी मान निम्मी केली. माझ्या लेकीच्या भिंतीवर ठिपक्यांचं वासरू उभं राहिलं. मी दात-ओठ खात सोसलं. बायकोचे मामा पडले.

पण बिबट्याने माझा संयम संपवला. बिबट्या ते झकास काढणार याची मला खात्री होती, कारण आमच्या भागातल्या उसाच्या कडेला, वळणावळणावर बिबट्यापासून सावध राहा म्हणून ज्या पाट्या आहेत, त्यांतल्या कित्येक मामांच्या हातच्या. त्यांवरचा बिबट्या असा जबडा वासून अंगावर येतो की माझा एक मित्र पाटी बघून मोटारसायकल वळवून घरी गेला होता. मी ओतूरला कॉलेजात शिकवायला गेलो असताना मामांनी भिंत पुरी केली. परत येऊन बघतो तर बिबट्या होता, अंगावरचा ठिपका न् ठिपका जिवंत होता, पण तोंड नव्हतं. बिबट्या पाठमोरा, उसात शिरत चाललेला. पाळण्याच्या बरोबर समोर त्याचं ढुंगण आणि वर उचललेली शेपटी!

मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा सासरच्या माणसावर ओरडलो. “मामा, हे काय? माझी भिंत आहे ही! हसणारं पिल्लू सांगितलं होतं मी!”

“वाघरू हसत नसतं.”

“मग रडकं काढा, पण तोंड काढा!”

मामा शांतपणे दंडावरचा पिवळा रंग पुसत राहिले. “पाटीवर तोंड काढतो, तिथं मानसानं भ्यावं म्हनून. घरात काढायचं तर जातानाच काढावं. लेकरानं डोळं उघडलं की वाघरू निघालेलं दिसावं. आमच्याकडं असंच हाय.”

“मी शिकलेला माणूस आहे, मामा.”

“मग तुमी तरी उसाकडची खिडकी दिवेलागणीला का लावून घेता, राव?”

माझा राग दुप्पट झाला. भिंत पुसून टाकतो म्हणालो. तेव्हा ते ब्रश बांधता बांधता म्हणाले, “पोरीला पळता येऊ द्या. मग मी येतो आन् तोंड फिरवतो.” न जेवता गेले. भिंतीला हात लावलात तर मी माहेरीच राहीन, असा हिचा फोन आला. बारशाला कॉलेजातले सहकारी आले, भिंतीपुढे उभे राहून म्हणाले, “सर, पाहुणे आले की हा उठून जातो वाटतं?” त्या हशाचा हिशेब मी मामांच्या नावावर लावला आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं.

लेक पळायला, बडबडायला लागली, तसे मामा खरंच आले. रंगाचा डबा घेऊन, एसटीने. वाळले होते. मी शिडी तेवढी लावून दिली. ते वर चढले, ब्रश बुडवला, आणि लेक धावत आली.

“आबा, काय करता?”

“ह्याला तोंड काढतो, बाय.”

“नको! तो त्याच्या आईकडे चाललाय!”

तिने शिडीला मिठी मारली. मामांचा ब्रश हवेतच होता, आणि तो हलत होता. पिवळे थेंब फरशीवर, शिडीवर, लेकीच्या केसांत पडत होते. डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट धरलं, तरी ते थांबेना. मी बघतोय हे त्यांनी बघितलं.

“मालकीणच नगं म्हनती,” ते म्हणाले आणि भराभर खाली उतरले.

जपून ठेवलेलं सगळं भांडण मला आता काढायचं होतं. “जेवून जायचं,” एवढंच मी म्हणालो, तेही ओरडूनच. जेवले, चपातीला नाव न ठेवता जेवले, याचा मला जास्त राग आला. नारायणगावच्या स्टँडवर मी आणि लेक त्यांना सोडायला गेलो. एसटी हलली. उजवा हात मांडीखाली दाबून मामा खिडकीशी बसले होते, आणि लेक दोन्ही हातांनी त्यांना टाटा करत होती.