उबलेला मिलो

"बाई मराठी बोलत्यात, पन मराठी येत न्हाई त्यांला," माझ्या पाठीमागे खडी फोडणारी एक बाई म्हणाली. बाकीच्या हसल्या.

मी पुण्याहून आमच्या संस्थेच्या साहेबांबरोबर आले होते. साहेब मद्रासकडचे. दुष्काळी कामावरच्या बायका काय म्हणतात ते त्यांना इंग्रजीत सांगायचं, एवढंच माझं काम. नगर सोडल्यापासून हिरवं काही दिसलं नव्हतं. घोडेगावच्या बाजारात बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या; गिऱ्हाईक मात्र नव्हतं.

तिथून पुढे या रस्त्याच्या कामावर संस्थेने मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) पाठवला होता. त्याची तक्रार होती. नासलेलं धान्य बदलून द्यायचं, असा नियम. साहेब उन्हामुळे जीपमधून उतरले नाहीत.

"काय झालंय धान्याला?" मी मघाशी विचारलं होतं.

"उबलंय," कौसाबाई म्हणाल्या. टोळीत त्याच वडीलधाऱ्या.

ऊब मला स्वेटरची माहीत. धान्य गरम झालंय, असं मी साहेबांना सांगितलं. "मीसुद्धा झालोय," म्हणत त्यांनी 'वाटण्यास योग्य' असा शेरा लिहिला.

"धान्य गरम झालंय, सांगितलं साहेबांना," असं मी परत येऊन म्हणाले; बायका हसल्या त्या यावरच. कौसाबाईंनी फडक्यातली भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली. एक घास घेतला. कडू, वर्षानुवर्षं न उघडलेल्या ट्रंकेसारखा वास.

"ह्येला उबट म्हनत्यात, ताई. वलं पोतं बांधून ठिवलं की आतल्या आत उबतं. मग बुरा धरतो, मग कुजतं. दोन सालं आमच्याकडं थेंब न्हाई, आन् धान्य तेवढं भिजून आलं! नात माझी चार दिस वकतीया."

मी मान हलवली आणि उरलेला तुकडा रुमालात बांधून जीपमध्ये बसले. इमामपूरचा घाट चढताना कौसाबाईंचे शब्द मनात घोकत राहिले. कुजण्याचे इंग्रजी शब्द मी शाळेत ओळीने पाठ केले होते. मराठीत घरी 'खराब' एवढा एकच पुरायचा. खराब झालं की मोलकरणीला द्यायचं.

नगरला साहेबांनी जेवण मागवलं. याच शेऱ्यावर गोदामातली उरलेली पोती उद्या सुटणार, असं म्हणत त्यांनी ताट पुढे ओढलं. मी रुमाल सोडला. तुकडा त्यांच्या भातावर ठेवला.

"सर, आधी हे खाऊन बघा."